तक्रारपेटीची चावी कोणाकडे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की तुरुंगाचा विषय निघतो तो मोबाइल सापडले, गांजा सापडला एवढ्यापुरता. कोठडीत आणि बराकीत होणाऱ्या लैंगिक अत्याचारावर कोणी प्रश्न विचारत नाही. हिंडलग्याचा तुरुंग सीमाभागातल्या जुन्या पिढीला सत्याग्रहींमुळे माहीत आहे. आज तुरुंगांत असतात ते बहुतांशी कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते. पुष्कळजण केवळ जामीनदार मिळेना म्हणून पडून राहतात. हे पत्र कोणा एका तुरुंगाविरुद्ध नाही. हा अत्याचार नेमका कुठे घडतो आणि कुठे अडवता येतो, तेवढेच मांडायचे आहे.

अत्याचार करणारा पुष्कळदा पहिल्या दिवशी हात लावत नाही. पहिल्या दिवशी तो साबण देतो. कोर्टातून संध्याकाळी आलेल्या पोराजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नसते. घरच्यांची मनीऑर्डर यायला आठवडा जातो. तेवढ्यात बराकीतला मुरलेला कैदी त्याला साबण, चादर, बिडी, बिस्किटाचा पुडा देतो, भिंतीकडची बरी जागा देतो. आठ-दहा दिवसांनी हिशेब मागितला जातो, आणि तो पैशांत फिटणारा नसतो. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आत येतानाच हातात पडणारी पिशवी: साबण, दंतमंजन, टॉवेल, चादर, ताट-वाटी, बाईला सॅनिटरी पॅड. नियमांत यातले बरेच लिहिलेले असते, पण वस्तू ‘उद्या स्टोअर उघडल्यावर’ मिळते. कर्ज त्या एका रात्रीत सुरू होते.

दुसरी गोष्ट झोपण्याच्या जागेची. बराकीत कोणी कुठे झोपायचे हे कैदी ठरवू लागले की जागा विकली जाते. जमिनीवर रंगाने नंबर घालावेत, नंबर तुरुंग कर्मचाऱ्याने द्यावा आणि तो रजिस्टरला लिहावा. संडासाची अर्धी भिंत अशी असावी की आतल्या माणसाचे डोके आणि पाय बाहेरून दिसतील. रात्रभर मंद दिवा हवा. दोरीवर चादर टाकून आडोसा केलेला दिसला की तो तिथल्या तिथे उतरवावा. बराकी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात त्या सकाळी उघडतात, म्हणजे जवळजवळ बारा तास. या वेळात वॉर्डरची फेरी ठरलेल्या ठोक्याला झाली तर तिचा काही उपयोग नाही, आतल्यांना ती पाठ असते. फेरी वेळ बदलून, दोन्ही बाजूंच्या गजांतून आणि संडासाच्या कोपऱ्यापर्यंत बॅटरी मारून व्हावी.

धोक्यात कोण आहे हे पहिल्या रात्रीच ओळखता येते. प्रश्न सहा-सातच आहेत: वय किती, पहिल्यांदाच आत आलास का, आत कोणाशी वैर आहे का, गुन्हा कोणता (लैंगिक गुन्ह्यातला आरोपी आत सर्वांचे लक्ष्य होतो), अपंगत्व किंवा मानसिक आजार आहे का, तृतीयपंथी आहेस का, पूर्वी असे काही सोसले आहे का. अमेरिकेने तुरुंगातल्या बलात्काराविरुद्ध २००३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याखालच्या २०१२ च्या नियमांत ही चौकशी साधारण ७२ तासांत आणि फेरतपासणी ३० दिवसांत करायला सांगितले आहे. आमच्या मते ७२ तास फार झाले. आणि प्रश्न फाटकावर दहाजण रांगेत असताना विचारले तर उत्तर एकच येते: ‘काही नाही साहेब.’ बाजूच्या खोलीत, दार लोटून विचारायला हवे. उत्तरे हिस्ट्री तिकिटावर (कैद्याच्या नोंदीच्या कार्डावर) लिहू नयेत, कारण तुरुंगाच्या कचेरीत लिखापढीला बरेचदा कैदीच असतात आणि सकाळपर्यंत बातमी बराकीत पोहोचते. तिकिटावर फक्त बराक नंबर, आणि कारण वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कुलूपबंद रजिस्टरात.

वयाचा घोळ सीमाभागात जास्त होतो. पोरगा चंदगड किंवा गडहिंग्लजकडचा, पकडला बेळगावात किंवा खानापुरात. कागदावर वय अंदाजाने १९ पडते. शाळेचा दाखला पलीकडच्या राज्यात, मराठीत, आणि घरी निरोप दोन दिवसांनी. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे १८ च्या आतल्याला ना पोलीस कोठडीत ठेवता येते ना तुरुंगात. वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघायचा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. वयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, केव्हाही काढता येतो, आणि निकाल लागेपर्यंत त्याला वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची तरतूद आहे. घरच्यांनी दाखल्याचा फोटो त्याच संध्याकाळी वकिलाच्या मोबाइलवर पाठवावा, मूळ प्रत मागाहून. १८ ते २१ च्या मुलांना मोठ्यांपासून वेगळे ठेवावे, हा नियम तर १८९४ च्या तुरुंग कायद्यातही आहे.

महिला विभागाबाबत नियम पुरेसे आहेत, अडते ते माणसांवाचून. विभागाला आतून एक आणि बाहेरून एक कुलूप, चावी महिला कर्मचाऱ्याकडे, पुरुष अधिकारी आत जाईल तो महिला कर्मचाऱ्याबरोबरच. रात्रपाळीला बाई नसली की हे सगळे कागदावर राहते. अथणी, रायबाग, चिकोडीच्या तारखेला नेताना एकाच गाडीत पुरुष कैद्यांसोबत बसवणे हीही तीच कथा. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. महिला आरोपींना वेगळ्या कोठडीत, महिला पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी कायदाही बदलला. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्काराचा आरोप झाला होता आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले होते. त्यावर देशभर उठलेल्या संतापातून तो बदल आला. संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि कोठडीतली स्त्री ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर ती नव्हतीच असे कोर्टाने धरून चालायचे, हे तत्त्व तेव्हापासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे.

पुरुषांचे मात्र नव्या कायद्याने हाल केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात जुन्या दंडसंहितेतले ‘अनैसर्गिक’ संभोगाचे कलम ३७७ नाही. सज्ञानांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, या २०१८ च्या निकालानंतरही ते कलम बळजबरीपुरते शिल्लक होते. आता सज्ञान पुरुषावर पुरुषाने बलात्कार केला तर दुखापत, धमकी असल्या कलमांवर भागवावे लागते. तृतीयपंथीयांसाठी २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा आहे, जी स्त्रीवरील बलात्काराच्या मानाने काहीच नाही. कोठडीत बलात्काराचा आरोप झाला तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, ही तरतूदही फक्त स्त्रियांसाठी. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि फौजदारी कायद्यात राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करता येते. आमच्या आमदारांनी निदान हा एक प्रश्न सभागृहात लावून धरावा.

आता तक्रारीचे. पेटी बहुतेक ठिकाणी असते, पण तिची चावी ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची त्यांच्याच कचेरीत असते. चावी फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे हवी, आणि त्यांनी स्वतः दर पंधरा दिवसांनी पेटी उघडावी. पेटी कचेरीच्या दारात नको, नळाजवळ किंवा कँटीनजवळ हवी, म्हणजे तिथे उभे राहणे हाच पुरावा ठरत नाही. प्राधिकरणाचा १५१०० हा फोन क्रमांक तुरुंगाच्या फोनवरून फुकट आणि कोणी न ऐकता लागला पाहिजे.

तक्रार कोणत्या भाषेत होते यावर तिचे काय होते ते ठरते. कैदी सहसा स्पष्ट शब्द वापरत नाही. तो म्हणतो, ‘रात्री त्रास देतात.’ शेजारचा कन्नड जाणणारा कैदी दुभाषा होतो, आणि अहवालात उतरते ‘झोपण्याच्या जागेवरून वाद.’ वाद म्हटल्यावर दोघांनाही समज देऊन त्याच बराकीत पाठवले जाते. दुभाषा कैदी नसावा. मूळ मराठी वाक्य जसेच्या तसे कागदावर राहावे, भाषांतर त्याखाली. व्हिडिओवर कोठडी वाढवतानाही हेच होते. कैदी खुर्चीत, पोलीस किंवा वॉर्डर कॅमेऱ्याच्या मागे. न्यायाधीश विचारतात, ‘काही तक्रार?’ तो मागे बघतो आणि नाही म्हणतो. कर्मचाऱ्यांना दोन मिनिटे बाहेर पाठवायला काहीही खर्च येत नाही.

प्रकार घडल्यानंतर सर्वांत मोठी चूक म्हणजे सोसणाऱ्यालाच ‘सुरक्षेसाठी’ एकट्या कोठडीत टाकणे. ते बघून बाकीचे गप्प बसतात. हलवायचे ते आरोपीला. सोसणाऱ्याला अंघोळ घालू नये, त्याचे कपडे प्लॅस्टिकमध्ये नव्हे तर कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. एचआयव्ही टाळणारी औषधे जितकी लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस द्यावी लागतात. तुरुंगाच्या दवाखान्यात ती नसतील तर सिव्हिलला नेण्यासाठी पोलीस एस्कॉर्ट मिळेपर्यंत थांबणे म्हणजे मुदत घालवणे. बलात्कार सोसलेल्या स्त्रीची दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवली आहे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण किमान वर्षभर ठेवावे, असा २०२० चा आदेश आहे. तरी चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

मुलाखतीला जाणाऱ्या घरच्यांसाठी: दर आठवड्याला अचानक जास्त पैसे मागणे, कारण न सांगता बराक बदलून मागणे, बसताना अवघडणे, हातावर ब्लेडच्या खुणा, यांकडे लक्ष ठेवा. खिडकीवर मात्र काही विचारू नका, आजूबाजूला कान असतात. सरळ कोर्टाच्या आवारातल्या कायदा सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. अर्ज मराठीत चालतो. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. भाषेचे कारण सांगून कोणी अर्ज परत केला, तर ते कारण अर्जाच्या मागे लिहून मागा, खाली तारीख घाला, आणि तोच कागद स्पीड पोस्टाने जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवा.

आपले,
सीमाभागात कायदेविषयक मदतीचे काम करणारे काही वकील व स्वयंसेवक, बेळगाव