आरसीचं कार्ड आधी शोध, बाकीचं मग

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला. "दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन गाडीने नेपाळला चाललोय, काय कागद लागतात ते दोन ओळीत कळव." दोन ओळीत नाही होणार लेका, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसलोय. चहा घेऊन बस आणि वहिनीला पण वाचून दाखव, कारण शेवटी बॅग तीच भरणार आणि कागद तूच विसरणार.

पहिलं काम आत्ताच्या आत्ता कर. ऊठ आणि गाडीचं आरसी कार्ड, म्हणजे नोंदणीचं कार्ड शोध. डिजिलॉकरमधलं नाही हं, खरं प्लास्टिकचं कार्ड. का म्हणतोय ते सांगतो, आजवर हे फक्त घरच्यांना माहितीये.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही चौघं गेलो, मी, ही, मेव्हणा आणि त्याची बायको. पुण्याहून निघून तिसऱ्या दिवशी गोरखपूर, तिथे मुक्काम, आणि पहाटे पाचला उठून सीमेवरचं सोनौली. ट्रकांची रांग संपता संपेना, पण कडेकडेने लहान गाड्यांना सोडतात. गेट ओलांडलं की पलीकडचं गाव बेलहिया, तिथेच भन्सार ऑफिस. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम्स. मी ऐटीत फाइल घेऊन खिडकीशी गेलो. फाइलीत काय नव्हतं ते विचार! पासपोर्ट, लायसन, विमा, पीयूसी, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स, फोटो, वर हिने लावलेले रंगीत टॅग. खिडकीतल्या माणसाने सगळं शांतपणे उलटून पाहिलं आणि विचारलं, "गाडी का कार्ड?" मी मोबाइल पुढे केला. त्याने मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "ये नहीं, कार्ड." त्याचं काही चुकलं नाही रे. आपलं डिजिलॉकर आपल्या ट्रॅफिक पोलिसाला चालतं, आपल्या कायद्यात बसतं, दुसऱ्या देशाच्या कस्टमवाल्याने ते का मानावं?

आणि कार्ड कुठे होतं? पुण्यात, कपाटाच्या लॉकरमध्ये, हिच्या बांगड्यांच्या डबीखाली. हरवू नये म्हणून मीच ठेवलेलं.

गाडी वळवून परत सोनौलीत आणून लावली. डोकं बधिर झालेलं, म्हणून चौघं चालत पुन्हा पलीकडे गेलो, बेलहियात एका टपरीवर चहा घेतला, आणि चालत परत आलो. कोणी हटकलं नाही, कोणी काही विचारलं नाही. तिथे शाळेची पोरं, भाजीवाल्या, सायकलवर पोतं घेतलेले बाबा सगळे सारखे इकडून तिकडे चाललेले असतात. १९५० च्या तहापासून ही सीमा माणसांना मोकळीच आहे. आम्ही परदेशात जाऊन चहा पिऊन आलो आणि गाडी मात्र अलीकडे कान पाडून उभी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण महिनाभर आपले कागद जमवत बसलो, व्हिसा खरा लागतो तो गाडीला.

मग आईला फोन, शेजारच्या काकांना फोन, कार्ड कुरियरने गोरखपूरच्या हॉटेलवर. तीन दिवस गेले. त्यात कुशीनगर बघितलं, गोरखनाथ मंदिरात जाऊन आलो. ज्ञानोबांची गुरुपरंपरा वर गोरक्षनाथांपर्यंत जाते, त्यामुळे ही म्हणाली, बोलावणं असणार. मी गप्प बसलो, कारण बोलायची सोय नव्हती.

तर आता तुझं. गाडी तुझ्या नावावर आहे ना? मला आठवतंय तू ती बाबांच्या नावावर घेतलेलीस. बाबा बरोबर येतायत म्हणजे प्रश्न नाही, पण त्यांना खिडकीशी उभं करावं लागेल, गाडीत झोपू देऊ नको. मालक बरोबर नसेल तर त्याच्या सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची कॉपी लागते. कर्ज चालू असेल आणि आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेकडून एनओसी घेऊन ठेव, मला कोणी मागितली नाही पण फाइलीत होती म्हणून झोप लागली.

विम्याचा कागद काढ आणि त्यात भौगोलिक क्षेत्र कुठलं लिहिलंय ते वाच. नुसतं भारत असणार. म्हणजे पोखऱ्याच्या घाटात कोणी ठोकलं तर आपली पॉलिसी हात वर करणार. थोडे पैसे भरून त्यात नेपाळ जोडून मिळतं, जिओग्राफिकल एक्स्टेन्शन म्हणायचं. माझ्या एजंटला हे माहीतच नव्हतं, "साहेब असं काही नसतं" म्हणाला, मग मी हेड ऑफिसला मेल टाकल्यावर चार दिवसांत कागद आला. तेव्हा एजंटचं ऐकू नको, आणि निघायच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नको.

माणसांच्या कागदात तुमच्याकडे एक घोळ होणारे तो आत्ताच सांगतो. नेपाळला आपल्याला पासपोर्ट किंवा मतदान कार्ड चालतं. आधार चालतं ते फक्त ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना. म्हणजे बाबा सत्तरीचे, त्यांचं आधारवर भागेल, चिनूचंही भागेल. पण काकू, म्हणजे तुझी आई, ६३ च्या ना? त्यांना आधार पुरणार नाही. त्यांचा पासपोर्ट संपलाय म्हणालेलास, मग मतदान कार्ड शोध, आणि त्यावरचा फोटो ओळखू येतोय का बघ. वहिनीच्या मतदान कार्डावर माहेरचं नाव असेल तर पासपोर्टच घेऊ दे, उगाच लग्नाचं सर्टिफिकेट दाखवत कोण बसणार.

सीमेवर गाडी हळू झाली की दोन्ही बाजूंनी पोरं पळत येतात, "भन्सार करवा देंगे, पाँच मिनट." परत येताना एका गाडीवाल्याने सांगितलं, त्याने अशा एकाला पैसे दिले आणि भन्सारच्या चिठ्ठीवर दिवस निम्मेच निघाले. स्वतः रांगेत उभा राहा, वेळ जातो तासभर, बाकी काही नाही. भन्सार दिवसांवर असतं, जेवढे दिवस सांगशील तेवढे पैसे, वर वाहतुकीचं परमिट वेगळं. प्लॅन आठ दिवसांचा असेल तर दहा सांग. बुटवलच्या वर तानसेनच्या रस्त्याला दरड आली की माणूस अडकतो, आणि मुदत संपलेली चिठ्ठी घेऊन फिरलास तर दंड. एका वर्षात गाडीला एकूण ३० दिवसच मिळतात, त्यांचं सरकारी वर्ष श्रावणात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला सुरू होतं.

आणि चिठ्ठी हातात आली की घाबरू नकोस! मी तारीख वाचली तर साल २०८१, महिना मंसिर. मला वाटलं प्रिंटर बिघडला. विक्रम संवत आहे तो. तिथल्या तिथे खिडकीवरच विचारून आपली तारीख पेनने मागे लिहून घे, नाहीतर रोज रात्री हॉटेलात बोटं मोजत बसशील. चिठ्ठी डॅशबोर्डवर काचेमागे ठेव, वाटेत पोलीस सारखे तेच बघतात. परत येताना दाखवूनच बाहेर पडायचं, फाडून टाकू नको. आणि हो, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

पैशाचं एवढंच की शंभराच्या नोटांची गड्डी घेऊन जा. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी शंभराच्या वरच्या आपल्या नोटा बंद केलेल्या, नियम पुढेमागे होत राहतात, शंभराला मात्र कोणी नाही म्हणत नाही. आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, वर्षानुवर्षं तोच भाव. मोठ्या दुकानात आपलं यूपीआय क्यूआरवर चालून जातं, पण डोंगरातल्या चहावाल्याकडे चालेल या भरवशावर राहू नको. फास्टॅग तिकडे नुसता स्टिकर.

सामानात नवीन पॅकबंद वस्तू नेऊ नको. मेव्हण्याने कोणाला तरी द्यायला खोक्यातली नवी शेगडी घेतलेली, डिकी उघडल्यावर बाकी सगळं सोडून नजर त्यावरच गेली, बिल कुठंय, कोणासाठी, परत नेणार का. पंधरा मिनिटं गेली. उलट हिच्या लाडवांच्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि हसून बंद केलं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेव, काकू नेहमीसारख्या सगळ्या सुट्या करून एका डबीत भरतील, ते करू देऊ नको. चिनूचा ड्रोन घरी ठेव, तिकडे त्याला परवानगी लागते आणि त्याच्याशी वाद घालायला तुझ्यात दम नाही. भडंग भरपूर घे, त्याला कुठल्याच सीमेवर अडवत नाहीत.

कागदांची फाइल डिकीत नाही, वहिनीच्या मांडीवर. झेरॉक्सचा दुसरा सेट स्टेपनीच्या खाली.

बाकी रस्ता, हॉटेलं, मुक्तिनाथला वर जायला तिकडची जीप करायची की नाही, यावर रविवारी फोनवर बोलू, लिहून हात दुखला. पण त्याआधी कार्ड शोध आणि मला फोटो टाक. स्क्रीनशॉट नाही, हातात धरलेल्या कार्डाचा फोटो, बोटं दिसली पाहिजेत.

तुझा,
पक्या