कर्जाचा तक्ता मराठीत मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपत गल्लीतला दुकानदार असो, वडगाव-शहापूरचा विणकर असो की उद्यमबागेत एका लेथवर जॉबवर्क करणारा तरुण, कर्जाच्या कागदांवर त्याची सही होते ती कन्नड किंवा इंग्रजी मजकुराखाली. सही करण्यापूर्वी तो दोनच गोष्टी विचारतो : मिळणार किती आणि हप्ता किती. बाकीची पाने शिपायाने बोट ठेवले तिथे सह्या करून उलटली जातात. वास्तविक ती पाने त्याच्या भाषेत आणायची सोय रिझर्व्ह बँकेने केली आहे, आणि बेळगाव परिसरात ती कोणी मागताना दिसत नाही. या पत्राचा विषय तोच आहे.

१५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या प्रत्येक नव्या मुदत कर्जासाठी बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक आहे. बँकेत त्याला केएफएस म्हणतात. कर्जाच्या ठळक अटींचा तो तक्ता. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायला हवा, आणि समजला असे त्याच्याकडून लिहून घ्यायला हवे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. यात सीमाप्रश्नाचे काही नाही. बंगळूरच्या शाखेतला तमिळ कर्जदारही हेच मागू शकतो. कॅश क्रेडिटला, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी गरजेनुसार उचलता-भरता येणाऱ्या कर्जाला, मात्र हा नियम लागत नाही, तिथे मंजुरीपत्रच नीट वाचून घ्यावे लागते.

या तक्त्यातला सर्वांत कामाचा आकडा म्हणजे एपीआर, वार्षिक एकूण खर्चाचा दर. पाच लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. हप्ता बसतो १०,८७१ रुपये. आता पैसे देतानाच प्रक्रिया शुल्क, जीवन विमा वगैरे धरून २०,००० रुपये कापून घेतले, तर हातात येतात ४,८०,००० आणि हप्ता तोच राहतो. म्हणजे ११ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात पडते जवळजवळ १२.८ टक्क्यांना. तक्त्यात न दाखवलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मुदतीत कधीही लावता येत नाही. मशीन किंवा मालाचा विमा उतरवायलाच हवा, तो आपल्याच हिताचा आहे. जीवन विम्याची पॉलिसी घेतली नाही तर कर्ज नाही, असे सांगणे मात्र नियमात बसत नाही. मराठीत तक्ता हाती आला की ही ओळ डोळ्यांत भरते.

एक मोठा गैरसमज हमीचा. 'सरकारची हमी आहे' म्हटले की लोकांना वाटते, बुडाले तर सरकार भरेल. हमी असते बँकेला. ती देणारा सीजीटीएमएसई हा ट्रस्ट केंद्र सरकार व सिडबी (लघुउद्योग विकास बँक) यांनी २००० साली उभा केला. पाच लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जात तो थकलेल्या रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत जबाबदारी घेतो, त्यापुढे सर्वसाधारणपणे ७५ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंतची कर्जे त्याच्या कक्षेत येतात. मुद्रा कर्जांसाठी सीजीएफएमयू हा वेगळा निधी आहे. खाते थकले की बँक दावा करते, आणि तिला पैसे मिळाले तरी कर्जदाराची देणेदारी संपत नाही. वसुली चालूच राहते आणि सिबिलवरचा डागही. या हमीसाठी कर्जदाराने कुठे अर्ज करायचा नसतो, ते बँकेचे काम. ट्रस्टचे वार्षिक शुल्क दहा लाखांपर्यंत साधारण ०.३७ टक्के असते. बँक ते बहुधा कर्जदाराकडूनच घेते, तेव्हा तेही तक्त्यात दिसायला हवे.

हमी बँकेला असल्यामुळेच तारणाचा प्रश्न निकाली निघायला हवा होता. सूक्ष्म व लघू उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच घातले. तरीही 'घराचा उतारा आणा', 'एखादी ठेव ठेवा' हे ऐकू येतेच. अशा वेळी वाद घालू नये. 'तारणाची मागणी लेखी द्या' एवढे म्हणावे. बहुतेकदा मागणी तिथेच विरते. आपल्याकडच्या सौहार्द सहकारी सोसायट्या आणि पतसंस्था या हमीच्या चौकटीत नाहीत, त्यामुळे तिथे तारण व जामीनदार मागितले तर तक्रारीला जागा नाही.

आता दोष आपल्या बाजूचे, कारण फायली अडतात त्या अर्ध्याअधिक तिथेच. खेळत्या भांडवलाचे गणित सोपे आहे : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के मालकाचे. ३० लाखांची उलाढाल दाखवली तर गरज साडेसात लाख, बँक सहा देईल, दीड लाख स्वतःचे हवेत. हे कळले की लोक उलाढाल फुगवतात. पण जीएसटीचे विवरण १२ लाख सांगते, प्राप्तिकराचे नऊ लाख, आणि दुकानातला क्यूआर कोड असतो मुलाच्या बचत खात्याचा. अधिकारी तरी कशावर विश्वास ठेवणार? अर्जाआधी सहा महिने तरी सगळी विक्री धंद्याच्या चालू खात्यातून फिरवावी. मुदत कर्जात वर्षभराचे हप्ते नफ्यातून फिटतात का हे पाहतात. पाच लाखांच्या कर्जाच्या वरच्या उदाहरणात वर्षाचे हप्ते १,३०,४५२ रुपये. घसारा व व्याज वजा करण्याआधीचा नफा त्याच्या दीडपट, म्हणजे १,९५,००० च्या पुढे दिसला तर अधिकाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. घरखर्चाची उचल त्यातून आधीच वजा झालेली असावी. प्रकल्प अहवाल तयार करून देणारे एजंट नेमकी तीच ओळ विसरतात.

मुद्रेत ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत तरुण प्लस. यात अनुदान नाही. अनुदान असते पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात), आणि पहिल्या कर्जाला तेही फक्त नव्या उद्योगासाठी. चालू दुकानाला नवे नाव देऊन अर्ज केला की प्रत्यक्ष पाहणीत तो पडतो. अनुदान सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के व ग्रामीण भागात २५ टक्के; विशेष गटाला (महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक वगैरे) शहरात २५ व ग्रामीण ३५. दहा लाखांचा प्रकल्प टिळकवाडीत काढला तर दीड लाख, कडोली किंवा उचगावच्या ग्रामपंचायत हद्दीत काढला तर अडीच. ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकते व नंतर कर्जात वळती होते, आणि दरम्यान युनिट बंद पडले किंवा दुसरीकडे हलवले तर सगळेच संकटात.

विशेष गटावरून आपल्याकडे हमखास दोन घोटाळे होतात. अर्जातला 'अल्पसंख्याक' म्हणजे केंद्राने अधिसूचित केलेले धार्मिक अल्पसंख्याक; मराठी भाषिक म्हणून आपण त्यात येत नाही. मराठी बोलणारे जैन मात्र येतात. तसेच अर्जातला 'सीमावर्ती भाग' म्हणजे सरकारने अधिसूचित केलेला भाग. वृत्तपत्रांतला आपला सीमाभाग तो नव्हे. (ही खूण करून अर्ज परत आलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, शब्दच तसा आहे.) महिला तर कोणत्याही जातीची असो, विशेष गटातच मोडते. कोल्हापूरहून लग्न करून इकडे आलेल्या बहिणींनी जातीच्या दाखल्यासाठी दोन राज्यांत खेटे घालायची इथे गरज नाही.

मोबाईलवर फिरणाऱ्या महाराष्ट्राच्या योजनांचेही तसेच. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांना महाराष्ट्रातला रहिवास लागतो. दुकान बेळगावात आणि घर महाराष्ट्रातल्या शिनोळीत असणाऱ्यांनी आधी युनिट कुठल्या राज्यात नोंदायचे ते ठरवावे. एकाच धंद्यावर दोन्हीकडून लाभ घेता येत नाही.

नावांच्या लेखनाने तर अनेक फायली अडतात. आधारवर कन्नडवरून आलेले एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे, वडिलोपार्जित उताऱ्यावर आडनाव आधी, आणि पत्ता कुठे बेलगाम तर कुठे बेळगावी. आधी आधार आणि पॅन जुळवावेत, मगच लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी करावी, कारण उद्यम त्यांच्यावरूनच तपासते. ही नोंदणी मोफत आहे. पैसे घेणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. धंद्याच्या जागेसाठी हेस्कॉमचे वीजबिल, भाडेकरार आणि पालिकेचा परवाना, तिन्हींवर एकच पत्ता असावा.

अर्जाची पोच मागून घ्यावी, ती देणे बँकेवर बंधनकारक आहे. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय, आणि नकार असेल तर कारणासह लेखी. पोच नसेल तर हे १४ दिवस मोजायचे कुठून? बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. टपालाने आलेल्या तक्रारी चंदीगडच्या केंद्रात घेतल्या जातात, कोणत्याही भाषेत, मराठीतही. कर्ज का नाकारले, यात लोकपाल सहसा पडत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय. पोच दिली नाही, कारण कळवले नाही, समजेल अशा भाषेत तक्ता दिला नाही, ही तक्रार मात्र सेवेतल्या त्रुटीची ठरते. तक्रार तशीच मांडावी.

जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना आपल्यामार्फत एक विनंती. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाखांना केएफएसचा एक मराठी नमुना पाठवावा. रकाने तेच राहतात, आकडे तेवढे भरायचे. आणि बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत, मराठीत तक्ते किती दिले, हा प्रश्न प्रत्येक बँकेला विचारावा.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
टिळकवाडी, बेळगाव