राहूला हात नसतात

नागपूर,
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६
फाल्गुन शु. ४

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिले. पल्लवीला सातवा लागला, बाळ छान फिरतंय, हे ऐकून जीव सुखावला होता. पण लगेच तू म्हणालीस, "तीन मार्चला ग्रहण आहे गं. तेही सिंहेत, आणि पल्लवीची रास सिंह. गुरू वक्री आहे, बुधही वक्री होतोय. डोहाळजेवण रद्द करू का? तिला त्या दिवशी खोलीतून बाहेरच पडू देऊ नको का?" मी नुसतं "बघून सांगते" म्हटलं, कारण पल्लवी तुझ्या शेजारीच बसली होती आणि माझं बोलणं तिच्या कानावर अर्धवट पडायला नको होतं. म्हणून हे पत्र. आधी तू सगळं वाच, मग तिला दे.

जे तुला आजवर कधी नीट सांगितलं नाही ते आधी सांगते. ओंकारच्या ओठाचं.

२४ ऑक्टोबर १९९५. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेलं आणि सकाळी सूर्यग्रहण. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास होतं, आपल्या नागपुरात खंडग्रास. मला सातवा संपत आला होता. पहाटेपासून मला मधल्या खोलीत उताणं निजवलं होतं, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. एरवी दिवाळीत फटाक्यांनी दणाणणारी गल्ली, त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. बाहेरच्या खोलीत दूरदर्शनवर ग्रहण दाखवत होते, मला आवाज तेवढा ऐकू यायचा. चादरीच्या कडेतून येणारं ऊन हळूहळू मलूल झालं. ऊन तर होतं, पण दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं. पडून पडून कंबर धरली म्हणून मी उठून बसले. ब्लाऊजचं हूक लोंबत होतं. दोरा ओढला आणि दातानं तोडला. एवढंच केलं मी. जाऊबाई दारात उभ्या होत्या.

जानेवारीत ओंकार झाला. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. मी त्याला पहिल्यांदा कुशीत घेतलं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, "दोरा तोडला होतास ना ग्रहणात." बाराव्याला आलेल्या बाया माजघरात कुजबुजत होत्या, "गिराणात दोरा तोडला म्हन्ते तिनं, माय!" तुला मी तेव्हा पत्रात लिहिलं होतं, 'बाळ जरा अशक्त आहे.' तुझ्याशी खोटं बोलल्याचा तो एकच प्रसंग.

तीन महिन्यांनी ओठ शिवायचं ठरलं. त्या डॉक्टरांना मी दोऱ्याचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ग्रहण कितव्या महिन्यात होतं? सातव्या, म्हटलं. मग त्यांनी समजावलं की पोटातल्या बाळाच्या ओठाचे भाग पहिल्या दोन महिन्यांतच एकमेकांना जुळतात. जुळायचे ते तेव्हाच जुळतात, राहायचे ते तेव्हाच राहतात. का राहतात याला बहुतेक वेळा एक असं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणजे हिशेब कर. ओंकारचा ओठ घडत होता तेव्हा इथे मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा चालू होता, आणि दिवाळी जवळजवळ पाच महिने लांब होती.

पण कुंदा, डॉक्टरांचं ऐकून मला जेवढं सुटल्यासारखं वाटलं, त्याहून जास्त माझ्या वडिलांच्या, दादांच्या बोलण्यानं वाटलं. महाल भागातल्या आमच्या घरी तू त्यांना शेकडो वेळा पाहिलंयस, मांडीवर पंचांग, नाकावर उतरलेला चष्मा. उभा जन्म त्यांनी पत्रिका मांडल्या. मला वाटलं होतं, तेही सासूबाईंच्याच बाजूने बोलतील. ते ओंकारला मांडीवर घेऊन बसले, त्याच्या टाक्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "शोभा, राहू कुणाचा ओठ कापत नाही. त्याला हात कुठे आहेत? तो नुसतं डोकं."

मग माझ्या हातातल्या दोन बांगड्या उतरवून घेतल्या. एक आडवी धरली, दुसरी तिच्यात जराशी तिरपी घातली. म्हणाले, ही सूर्याची वाट, ही चंद्राची. तिरपेपणा पाचच अंशांचा. दोन्ही वाटा दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात, एक राहू, दुसरा केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या छेदापाशी आली तरच ग्रहण, नाहीतर सावली वरून नाहीतर खालून निघून जाते. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. हे छेदबिंदूही एका जागी थांबत नाहीत. उलटे सरकत राहतात, एका राशीत सुमारे दीड वर्ष, आणि साडेअठरा वर्षांत फेरी पूर्ण. राहू-केतू सदा वक्री म्हणतात ते यामुळे.

चंद्राला पृथ्वीची सावली झाकते हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच लिहून ठेवलंय. वराहमिहिरानेही तेच सांगितलं, आणि तरी ग्रहणाची फळं मोठ्या तपशिलाने दिली. ती फळं वाचलीस तर तुझ्या लक्षात येईल, ती प्रामुख्याने राजांची, देशांची, पिकापाण्याची आहेत. एका बाईच्या दोऱ्यावर नजर ठेवून बसलेलं ग्रहण त्यांच्या शास्त्रात नाही. ते आपण नंतर घरोघरी आणलं आणि पोटुशीच्या उशाशी नेऊन ठेवलं. याचा मला आजही राग येतो.

आता यंदाच्या ग्रहणाचं. होळीच्या पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण आहे. स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, दुपारी ३.२०; संमीलन, चंद्र पूर्ण झाकला जाणं, ४.३४; उन्मीलन, तो पुन्हा उघडू लागणं, ५.३३; आणि मोक्ष, ग्रहण सुटणं, ६.४७. चंद्र उगवतो संध्याकाळी, म्हणजे खग्रास भाग आपल्याकडे क्षितिजाखालीच उरकणार. याला पंचांगात ग्रस्तोदित म्हणतात, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवतो. नागपुरात तो पंचवीसेक मिनिटं तसा दिसेल. पुण्यात चंद्रोदय उशिरा, तिथे जेमतेम तीन-चार मिनिटं, तीही समोर इमारती नसतील तर. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायला काही धोका नाही. सूर्यग्रहणाचं वेगळं. आपल्या लहानपणी पोट्टे काजळी धरलेली काच नाहीतर एक्स-रेची फिल्म डोळ्याला लावून बघायचे, ते मात्र खरंच घातक.

वेध सकाळपासून आहेत. मी पाळणार आहे. मोक्षानंतर स्नान करीन, दान देईन. आपण शाळेत असताना ग्रहण सुटलं की गल्लीतून हाक यायची, "दे दान, सुटे गिराण," आणि आई सुपात तांदूळ घेऊन दाराशी जायची. मला ते सगळं प्रिय आहे. पण पल्लवीने उपाशी राहायचं नाही. पंचांगातच बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेगळी, सौम्य मुभा छापलेली असते. ती ओळ कुणी मोठ्याने वाचत नाही. तिने वेळेवर जेवावं, पाणी प्यावं, डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नयेत, हव्या त्या कुशीवर झोपावं. भाजी चिरावीशी वाटली तर चिरावी.

आणि सिंह राशीचं. तुला खोटं सांगणार नाही, ग्रहण ज्या राशीत होतं त्या राशीला पंचांग अनिष्ट फळ लिहितं. चंद्र तेव्हा सिंहेत, पूर्वा नक्षत्रात, केतूजवळ आहे. पण चंद्र कशाचा कारक? मनाचा आणि मातेचा. चंद्रावर सावली पडते त्या दिवशी आईचं मन हळवं असतं, ते जपावं, असा अर्थ मी घेते. त्याच दिवशी तिला चार जणींनी घेरून 'हे करू नको, ते शिवू नको' म्हणायचं, म्हणजे शास्त्राच्या नेमकं उलट झालं. मी दादांकडून जे शिकले त्यात याहून पक्कं माझ्याकडे काही नाही.

वक्री ग्रहांबद्दल थोडक्यात. वर्ध्याला जाताना शेजारच्या रुळावरची मालगाडी आपल्या गाडीने मागे टाकली की ती उलट चालल्यासारखी दिसायची, आठवतं? ग्रहांचं तसंच आहे. पृथ्वी बाहेरच्या ग्रहाला मागे टाकते तेव्हा तो आकाशात मागे सरकताना दिसतो. गुरू वर्षातून सुमारे चार महिने वक्री असतो, शनी साडेचार, बुध वर्षातून तीनदा, दर खेपेस तीनेक आठवडे. सूर्य-चंद्र कधीच नाही. बुध २६ फेब्रुवारीला वक्री होऊन २० मार्चला मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालीचा होतोय. वक्री बुधात काही सुरूच करू नये, फोन बिघडतात, करार मोडतात, हे हल्ली मोबाईलवर फार फिरतं, पण ते बाहेरून आलेलं आहे. आपल्याकडे वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, तो बलवान समजला जातो.

आणि ते डोळ्यांनी पटतं गं. हे पत्र मिळेल त्या रात्री नऊ-साडेनऊला पल्लवीला घेऊन गच्चीवर जा. बरोबर डोक्यावर मिथुनेत एक मोठा, न लुकलुकणारा तारा दिसेल. तो तुझा वक्री गुरू. बाहेरचा ग्रह वक्री असतो त्या काळात पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो, म्हणून सर्वांत तेजस्वी दिसतो. ज्यांनी वक्रीला बळ दिलं ते रात्र रात्र आकाश बघणारे लोक होते. ज्याला तू घाबरतेस तो पुण्याच्या दिव्यांतूनही दिसतो इतका तेजाळ आहे. माझ्या अनुभवात वक्री गुरूच्या काळात माणसं जुन्या गोष्टींकडे परत वळतात, राहिलेलं बोलून टाकतात. मी तुला हे पत्र लिहितेय ते त्याच काळात.

अमावास्येचंही तू म्हणालीस, कुणीतरी तो आठवडाच टाळायला सांगितलाय. अगं, आपण नागपूरच्या. श्रावणी अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली की "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत आपण इतवारीत गर्दीत घुसायचो आणि घरी येऊन मार खायचो. लक्ष्मी येते तीही अमावास्येलाच. चंद्र साडेएकोणतीस दिवसांत एकदा पूर्ण दिसेनासा होतो आणि पुन्हा कोरेने उगवतो. आपला मराठी महिना त्या अंधारावर संपतो आणि तिथूनच नवा लागतो. पल्लवीच्या पोटातलं बाळ अशा सहा-सात अमावास्या बघून बसलंय.

ओंकारचं पुढचं राहिलं. ग्रहणं ठरावीक काळाने परत येतात, अठरा वर्षं आणि सुमारे अकरा दिवसांनी त्याच घराण्यातलं पुढचं ग्रहण होतं. १९९५च्या त्या ग्रहणाचं पुढचं भावंड आलं ३ नोव्हेंबर २०१३ला. आणि कुंदा, त्या दिवशीही लक्ष्मीपूजन. ग्रहण अटलांटिकवर आणि आफ्रिकेत दिसलं, आपल्याकडे नाही. राहूही फेरी पूर्ण करून पुन्हा तुळेत होता. दादा म्हणायचे, राहू जिथून निघाला तिथे परत येतो तेव्हा जुनं देणं-घेणं मिटवायचं. ओंकार तेव्हा अठराव्या वर्षात, नुकतीच मिसरूड फुटलेली, आणि ओठावरच्या व्रणाची बारीक रेघ तेवढी कोरी. पूजा झाल्यावर तो पणत्या लावत होता. म्हणाला, "आई, फोटो काढताना आजी नेहमी मला तोंड वळवायला का सांगते?" मी त्याला शेजारी बसवून सगळं सांगितलं. हूक, दोरा, दारातली जाऊबाई, नवतपा, दादांच्या हातातल्या बांगड्या. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तू तो दोरा धरूनच बसली आहेस?"

मी खूप रडले त्या रात्री. त्याने उरलेल्या पणत्या लावल्या.

पल्लवीच्या हातात असा दोरा कुणी देऊ नये, म्हणून एवढं लिहिलं. डोहाळजेवण रद्द करू नकोस. तुझ्या मनालाही बरं वाटावं म्हणून मी तारीख बघितली आहे. ११ मार्चला गुरू मार्गी होतो, १९ला गुढीपाडवा, २०ला बुध मार्गी. चैत्राच्या शुक्ल पक्षातला पल्लवीला सोयीचा कुठलाही दिवस घ्या. तिला त्याआधी हवं असेल, अंग जड वाटत असेल, तर आधी करा, तिची सोय हाच मुहूर्त. मी दोन दिवस आधी येते. धनुष्यबाण, चंद्रकोर, बोटीतलं, बागेतलं, जे काय सजवायचं ते मी सजवीन.

मृग बहराची संत्री आली आहेत, एक पेटी इकडून येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतेय. पल्लवीला सोलून दे, ग्रहणाच्या दिवशी दुपारीसुद्धा.

तीन तारखेला मी गच्चीवर असेन. ६.४७ला मोक्ष. खाली येऊन स्नान झालं की फोन करते. पल्लवीलाच उचलू दे.

तुझी,
शोभा