मेसेज आला कुठून, एवढं विचारलं तर काय चुकलं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवा मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज परत आला, फोटो तोच जुना, फक्त गावाचं नाव बदललेलं. मी एवढंच विचारलं की हे कुठल्या पोलीस स्टेशनने सांगितलंय, तर लगेच उत्तर, "तुम्हाला पोरंबाळं नाहीत का, सावध केलं तर बिघडलं काय?"

काय बिघडतं ते आपण राईनपाड्याला बघितलंय. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं छोटंसं गाव. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, पोरं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली. त्याच दिवशी मालेगावात पण असाच जमाव जमला होता, तिथे पोलिसांनी वाचवलं म्हणून जीव तरी वाचले. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरचे दोघं पोर उचलून नेतात तो. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा, त्यात शेवटी पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, नेमकं तेवढंच कोणीतरी कापलेलं.

मला जास्त त्रास याचा होतो की पेपरवाले टीव्हीवाले सगळे विकले गेलेत, कशावरच विश्वास ठेवू नका असं म्हणणारी माणसंच अनोळखी नंबरवरून आलेलं डोळे मिटून पुढे पाठवतात. म्हणजे शंका घ्यायची पण फक्त आपल्याला न पटणाऱ्या गोष्टीवर. मी पण त्यातलाच, मागच्या निवडणुकीत माझ्या बाजूचा एक आकडा न तपासता चार ग्रुपवर टाकला, तो खोटा निघाला, मग चूक झाली असा मेसेज टाकला तर आधीचा मेसेज ज्यांनी धडाधड पुढे पाठवला त्यातल्या एकानेही हा पाठवला नाही. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून विनंती, आठवड्यातून एकदा छोटी चौकट छापा, आपल्या जिल्ह्यात फिरणारा एक मेसेज घ्या आणि फोटो मूळ कुठला, कधीचा आणि तुम्ही तो कसा शोधला हे पण सांगा. नुसता "फेक" असा शिक्का मारू नका, त्याने लोक अजून चिडतात, शोधायची पद्धत कळली तर घरबसल्या कोणीही करून बघेल. कात्रण आमच्या लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावायचं काम माझं.

आपला एक वाचक,
नाशिक