मोतीरामच्या डब्यातला बोल्ट

नागपूर, २९ मे

प्रिय शऱ्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. तू रागावला असशील. राग सवडीने काढ, आधी हे पत्र पूर्ण वाच, कारण ही गोष्ट घरात कोणाला सांगून उपयोग नाही आणि बंडूदादाला सांगितली तर संध्याकाळपर्यंत धरमपेठभर होईल. तब्येत बरी आहे. शुगर होती तिथेच आहे. नवतपा लागलाय, कूलरची टाकी दुपारी दोनलाच कोरडी पडते. झालं.

परवा भंगारवाल्या मोतीरामचा फोन आला. "भाऊ, तुमच्या कामाचं पितळ आलं हाय. भंडाऱ्याची गाडी भरायच्या आधी पाहून घ्या." भंडाऱ्याची गाडी म्हटलं की माझा जीव वरखाली होतो, तुला माहीत आहे. एकदा माल तिकडे गेला की भट्टीत वितळला, मग त्याचे गुंड होतात नाहीतर समया. मी तसाच कामठी रोडला निघालो. ऊन असं की स्कूटरची सीट हाताला लागू देईना.

गोदामात पोतं ओतलेलं होतं. नळाच्या तोट्या, कुलपं, मोडके दिवे, आणि त्यांच्या मधून थ्री नॉट थ्री रायफलीच्या तेलाच्या बाटल्या. आपल्याच त्या, झाकणाच्या आतून लांब चमचा असलेल्या. फुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीची, पितळी वजनंही सापडली, एकाला तर दोरी होती आणि तिचे तिन्ही फासे शाबूत! जाळीचा, चिंदीचा आणि अडकलं तर उलटं ओढून काढायचा. कॅम्पातले उस्ताद हे तीन फासे आपल्याकडून कसे घोकून घ्यायचे, आठवतं? तू दर वेळी मधल्याला तिसरा म्हणायचास आणि मैदानाला चक्कर मात्र आपल्या दोघांना पडायची.

एका बाटलीचं झाकण पार धरून बसलं होतं. घरी आणून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, सकाळी फडक्याने धरून पिळली तेव्हा आटे सुटले. आतली चामड्याची चकती सुकून लाकडासारखी झालेली, पण चमच्याच्या खोबणीत तेलाचा काळा चिकट थर तसाच. शऱ्या, वास तोच रे! तळाशी हिरव्या कळंकाखाली बाण आणि त्याखाली आय, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, पण हिंदुस्थानच्या सरकारचा माल. बाटली मी घासणार नाही. चिंच लावून पितळ चकचकीत करतात ना, त्यांचा मला भारी राग येतो. छाप एकदा झिजला की ती बाटली कुठली, कधीची, काही कळायचा मार्ग राहत नाही. लता म्हणते, निदान धुऊन तरी ठेवा. धुतली आहे.

तुला वाटेल, एवढंच सांगायला पत्र? नाही. खरं पुढे आहे.

बाटल्या वजन करून झाल्यावर मोतीरामने आतून डालड्याचा जुना डबा आणला. "भाऊ, हे का होय? पितळ तं नाही, लोखंडात टाकू का?" डब्यात चिंध्यांमध्ये गुंडाळलेला रायफलीचा बोल्ट होता, गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा तो भाग. पूर्ण. पुढे बोल्ट हेड, त्याला एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, मागे कॉकिंग पीस, आणि दांड्याची ती गोल मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी हात लावला नाही. खरं सांगतो, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि त्यालाच म्हटलं, तू फिरव, मी पाहतो. समोरून पाहिलं तर फायरिंग पिनचं, म्हणजे गोळीवर आदळणाऱ्या सुईचं, टोक बाहेर आलेलं. कापलेलं नाही, घासलेलं नाही. आपल्या कॅम्पातल्या रायफली डी.पी., म्हणजे नुसत्या ड्रिलच्या होत्या, नळीला आरपार भोक. हा तसल्या रायफलीतला वाटत नाही. आणि दांड्याच्या मुळाशी नंबर. तुला सांगायला नको की एनफिल्डच्या, म्हणजे या थ्री नॉट थ्रीच्या, बोल्टवर रायफलीचाच नंबर मारलेला असतो, कारण तो त्या एका रायफलीला बसवून दिलेला असतो. म्हणजे कुठल्या तरी कोतच्या, शस्त्रांच्या कोठीच्या, रजिस्टरात या नंबरची ओळ आहे. ती रायफल बोल्टाविना उभी आहे, की केव्हाच कापून भट्टीत गेली आणि हा तेवढा मागे राहिला, कोण जाणे.

माझा नियम तुला पाठ आहे. रायफलीच्या अवतीभवतीचं सगळं माझं, रायफल माझी नाही. तेलाची बाटली, फुलथ्रू, कापडी पट्टा, ब्रीचवर, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडावर चढवायचं टिचबटणांचं कॅनव्हासचं कव्हर, संगिनीचं म्यान, ते कमरपट्ट्याला अडकवायचा फ्रॉग. आणि सगळं इथलं. इंग्लंडचं मिळालं तरी बदलून टाकतो. संगीन आली तर म्यान घेतो आणि संगीन परत करतो, लाहोरच्या रेल्वे कारखान्याच्या एन.डब्ल्यू.आर. छापाची ती बारा इंची संगीनसुद्धा मी अशीच परत केली होती, तेव्हा तू मला वेड्यात काढलंस. दस्त्याच्या टोकाची बटप्लेटसुद्धा घेत नाही. "बटप्लेटला कोण विचारतो बे," असं तू तीन पानी पत्रात लिहिलं होतंस, आणि मी तुला तुझ्याच १९५९ च्या शस्त्र कायद्यातली व्याख्या उतरवून पाठवली होती: शस्त्रामध्ये शस्त्राचे सुटे भागही येतात. वकील तू आणि कलम मी वाचायचं! पाच गोळ्यांची चार्जर क्लिपही मी ठेवत नाही, कारण दारूगोळ्याच्या व्याख्येत तिला ओढता येईल असं मला वाटतं. तू म्हणतोस येत नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि बाटली आधी की फुलथ्रू आधी हाही मिटलेला नाही. बाटलीच आधी. उगाच उत्तर लिहू नकोस.

पण या नियमावर माझं खरंच प्रेम आहे रे. लोकांना वाटतं रायफल मिळत नाही म्हणून हा बाटल्यांवर समाधान मानतो. तसं नाही. इशापूरला १९०४ पासून कारखाना, पुढे बासष्टच्या युद्धानंतर त्याच घडणीची ७.६२ ची टू-ए आणि टू-ए-वन रायफल, आणि लायसन्सवाल्या शेतकऱ्यासाठी .३१५. हा सगळा इतिहास पुस्तकांत रायफलींच्या नावाने लिहून ठेवलेला आहे. पण पट्टा कुठे विणला, कव्हर कोणी शिवलं, चामड्याची ती चकती कोणी कापली, याची नोंद कोणी ठेवली? युद्धाच्या दिवसांतला आपला पट्टा हाताला खरखरीत लागतो, वीण जाड, टाका वाकडा. घाईत, मिळेल त्या सुतात, मिळेल त्या कारागिराने केलेला. तो हातात घेतला की मला माणूस दिसतो. रायफल पाहून दिसत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, पेपरात फोटो आले. बाटल्यांना कोण निरोप देतो? त्या किलोवर जातात.

असो. बोल्टाकडे येतो.

मी मोतीरामला सांगितलं की हे भंगार नाही, कायद्याने हे शस्त्रच आहे, याला लोखंडात टाकू नकोस, विकूही नकोस, ठाण्यात नेऊन दे. तो पांढराफटक पडला. "इचारतील कुठून आणलं. मी का सांगू? लॉटात आलं. मी का चोर हाव?" नाहीच आहे. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही काट्यात मारलं नाही. त्यावर त्याचा पोरगा म्हणाला, बाहेरगावचा एक जण अशा वस्तू मागतो, फोटो पाठवला तर लगेच पैसे टाकेल. मी त्या पोराला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आता माझी झोप कशाने उडाली ते ऐक. तूच मला सुप्रीम कोर्टाचा १९७२ चा गुणवंतलालचा निकाल समजावून सांगितला होतास, सीताबर्डीवरच्या त्या खानावळीत, सावजीचा रस्सा शर्टावर सांडत. ताबा म्हणजे जाणिवेचा ताबा. वस्तू काय आहे हे ठाऊक नसेल तर नुसती जवळ असणं पुरेसं नाही. परवा सकाळपर्यंत मोतीरामला ठाऊक नव्हतं. आता आहे, आणि ते माझ्यामुळे. मी गप्प बसलो असतो तर बोल्ट लोखंडाच्या ढिगात जाऊन वितळला असता, कोणाला काही झालं नसतं. पण गप्प कसा बसणार? फायरिंग पिनसकट चालू बोल्ट, आणि त्याचं गिऱ्हाईक पोराच्या फोनमध्ये तयार! सांगितलं ते बरोबरच केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. फक्त सांगून झाल्यावर मी स्कूटरला किक मारून घरी यायचं आणि ठाण्याच्या पायऱ्या त्याने एकट्याने चढायच्या, हे माझ्याच्याने होणार नाही.

लता म्हणते तुमचा काय संबंध. तिचंही चूक नाही. घरात कपाटभर पितळ, भिंतीवर पट्टे, उद्या कोणी चौकशीला आलं तर आधी त्या कपाटाकडेच बोट दाखवणार. येऊ देत. प्रत्येक वस्तूची चिठ्ठी आहे, कधी, कुठून, किती वजनाची. एकही कलमात बसत नाही. पण बोल्ट मला हवा होता, शऱ्या. तुझ्यापासून लपवत नाही. पाठीमागचे हात सुटू पाहत होते. कॅम्पात पहाटे दव पडलेलं असताना तो बोल्ट ओढला की जो आवाज यायचा, तो कुठल्याच बाटलीत नाही. तुलाच हे कळेल, म्हणून तुला लिहिलं.

तर आता विचारतो. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची सोय आहे, पण ती ज्याचा ताबा आधी कायदेशीर होता आणि मग राहिला नाही त्याच्यासाठी आहे, असं मी वाचतो. मोतीरामचा ताबा कधीच कायदेशीर नव्हता. मग त्याने कोणत्या दाराने जायचं? आधी लेखी अर्ज द्यायचा, मग वस्तू, की दोन्ही बरोबर? लॉटाची पावती जोडायची का? पावती आहे, मी पाहिली, तिच्यावर फक्त 'मिक्स' लिहिलंय. डबा उघडला तेव्हा मी हजर होतो, तर साक्षीदार म्हणून माझी सही चालेल का? आणि तोवर डबा कुठे ठेवायचा? मी त्याला एवढंच सांगितलंय की गोदामाला कुलूप, किल्ली तुझ्याच कमरेला, पोराकडे नाही.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी फोनवर सांगितलं की ऑपरेशन पुढे ढकललं. ढकलू नकोस. मीराला नोकरी लागली, फार बरं झालं, तिला सावकाश वेगळं लिहीन. नाशिकच्या घराचा वरचा मजला झाला का?

तुला ते ब्रीच कव्हर हवं होतं ना, ते एक जादा आलंय, टिचबटणं सगळी लागतात. पोस्टाने पाठवत नाही, येऊन घेऊन जा.

आणि उत्तर लिहूनच पाठव, लवकर. फोनवर तू माझं ऐकत नाहीस, आपलंच सांगत बसतोस. लेखी असलं तर मोतीरामला वाचून दाखवता येईल. त्याला तुझं नाव सांगितलंय, नागपूरच्या कोर्टातले जुने वकील म्हणून, तेव्हापासून जरा शांत आहे. सोमवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मंगळवारी सकाळी मी त्याच्याबरोबर ठाण्यात जाणार आहे, अर्ज माझ्या अक्षरात असेल.

तुझा,
विजू