सिकलसेलची तपासणी बाळंतपणाच्या खोलीतच व्हावी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, याच्या तपासणीच्या आकड्यांच्या बातम्या वरचेवर प्रसिद्ध होतात. त्या वाचताना एक मुद्दा सतत राहून गेल्यासारखा वाटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी २६ वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि त्यातील बहुतेक वर्षे सिकलसेलच्या नळ्यांचा स्टँड माझ्या टेबलावर होता. किती लोकांची तपासणी झाली हे आपण मोजतो, परंतु ती कोणत्या वयात आणि कोणत्या चाचणीने झाली याची चर्चा जवळजवळ होत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाली. आदिवासीबहुल भागांतील ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत सिकलसेल ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरू न देणे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये ६ कोटींचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. एवढ्या दुर्गम भागांत एवढ्या लोकांपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते, आणि उन्हातान्हात पायपीट केलेल्या आशाताई व आरोग्य सेविका यांच्या श्रमांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. माझे म्हणणे त्यांच्या हातात काय दिले जाते याविषयी आहे.

आमच्या भागात सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी म्हणजे सोल्युबिलिटी. बोटातून घेतलेले रक्त एका द्रावणात मिसळायचे, काही मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरून त्या रेघा दिसतात का ते पाहायचे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहणाऱ्या रक्तातील द्रव्याचा सदोष प्रकार) असेल तर द्रावण गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, विजेशिवाय होते, आणि तिने आजवर मोठे काम केले आहे. तिच्या मर्यादा मात्र मी टेबलावर रोज पाहिल्या. रेघा दिसेनाशा झाल्या तरी ती व्यक्ती वाहक (स्वतः निरोगी, पण दोष मुलांना देऊ शकणारी), म्हणजे आमच्या बोलीत ‘एएस’, आहे की आजारी, म्हणजे ‘एसएस’, आहे हे या नळीवरून कळत नाही. अंगात रक्त फार कमी असेल, आणि आमच्याकडे गरोदर स्त्रियांमध्ये ते बहुधा कमीच असते, तर चाचणी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. द्रावणातील डायथायोनाइट या रसायनाला पावसाळ्यातील दमट हवा लागली की तेही निकामी होते आणि नळी पाहून ते ओळखू येत नाही.

सर्वांत मोठी अडचण तान्ह्या बाळांची आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बहुतांश गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते, सिकल हिमोग्लोबिन हळूहळू वाढत जाते, आणि म्हणून पहिले सहा महिने सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही. हे नियम म्हणून मला ठाऊक होते, पण शिबिराच्या गर्दीत वय विचारायचे राहून जाते. अशाच एका शिबिरात चार महिन्यांच्या एका मुलीच्या नावापुढे मी ‘निगेटिव्ह’ लिहिले. दीड वर्षाने तीच मुलगी हातापायांची बोटे सुजून, तापाने फणफणलेल्या अवस्थेत आमच्या रुग्णालयात आली. तिच्या आईने ते जुने कार्ड जपून आणले होते आणि त्याच्या आधाराने ती सांगत होती की पोरीला सिकलसेल नाही. कार्डावरचे अक्षर माझेच होते. इलेक्ट्रोफोरेसिसचा (विजेच्या साह्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीचा) अहवाल ‘एसएस’ आला. तो येईपर्यंत मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले गेले होते, आणि ती तेथून परत आली नाही.

जैवतंत्रज्ञानाने गेल्या काही वर्षांत या अडचणीवर उपाय दिला आहे, आणि तो परग्रहावरचा नाही. घरी गर्भारपण तपासण्याच्या पट्टीसारखीच ही कागदी पट्टी असते. तिच्यावर सामान्य हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळे ओळखणारी प्रतिपिंडे (ठरावीक पदार्थालाच चिकटणारी प्रथिने) बसवलेली असतात. टाचेतून घेतलेला रक्ताचा एक लहानसा थेंब पुरतो, वीज किंवा यंत्र लागत नाही, आणि पाच ते पंधरा मिनिटांत उमटणाऱ्या रेघांवरून ‘एए’ (म्हणजे दोष नसलेले), ‘एएस’ की ‘एसएस’ हे समोरच कळते. ही प्रतिपिंडे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमुळे फसत नाहीत, त्यामुळे ही पट्टी एक दिवसाच्या बाळासाठीही चालते.

एक दिवसाच्या बाळाला हे कळून काय साधते, असे काही जण विचारतात. ‘एसएस’ बाळाची प्लीहा (पोटात डाव्या बाजूला असलेला, जंतूंशी लढणारा अवयव) लहानपणीच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंना तोंड देण्याची त्याची शक्ती कमी पडते. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बालकांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष पुढे आल्यावर तेथे नवजात तपासणीला जोर आला आणि २००६ पर्यंत ती सर्व ५० राज्यांत सुरू झाली. आपल्याकडे पेनिसिलिन काही रुपयांत मिळते, न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभराच्या नियमित लसीकरणात आहे, आणि हायड्रॉक्सियुरिया ही गोळी थोडे मोठे झालेल्या मुलांचे ठणके कमी करते. बाळाला ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा दिसला तर तातडीने निघायचे, एवढे आईला पहिल्या आठवड्यात समजावून सांगितले तरी बरेच जीव वाचतील. त्यासाठी बाळ ‘एसएस’ आहे हे आधी कळले पाहिजे.

नमुना जिल्ह्याला पाठवून अहवाल मागवता येतो, हा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा संपर्क तुटतो हे गडचिरोलीत शाळकरी मुलालाही माहीत आहे. अहवाल परत येईपर्यंत बाळंतीण माहेरी गेलेली असते, घरातील माणसे तेंदूपत्त्याच्या किंवा मिरची तोडण्याच्या कामावर निघालेली असतात, आणि अहवालाचा कागद उपकेंद्राच्या कपाटात पडून राहतो. मजुरी बुडवून दवाखान्यात पुन्हा येणे परवडत नाही अशा माणसांसाठी त्याच भेटीत उत्तर मिळणे हाच तंत्रज्ञानाचा खरा लाभ आहे.

पट्टी सर्व काही सांगत नाही, हेही नोंदवले पाहिजे. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहक ती ओळखत नाही. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया दोन्ही एकत्र आलेल्या बाळांसाठी, तसेच शंका असलेल्या प्रत्येक नमुन्यासाठी एचपीएलसी ही मोठ्या यंत्रावरची चाचणी लागतेच. चंद्रपूरला आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) हिमोग्लोबिनच्या आजारांवरील केंद्र आहे. मोजक्या संशयित नमुन्यांची खात्री तेथे आणि जिल्हा रुग्णालयांत करता येईल, म्हणजे मोठ्या यंत्रांवरील भारही हलका होईल. साठवणुकीचा प्रश्नही किरकोळ नाही. अशा पट्ट्या साधारणतः ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवाव्या लागतात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे औषधांच्या उघड्या मांडणीत पेट्या ठेवल्या तर खरेदीचा पैसा वाया जाईल. लसींची शीतसाखळी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आहेच, त्या व्यवस्थेत या पट्ट्यांना जागा द्यावी.

सिकलसेल हा ‘जंगलातल्या लोकांचा’ आजार आहे, असा समज शहरांत आणि दुर्दैवाने काही कार्यालयांतही आहे. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे हे खरे. तथापि विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतही हा आजार आहे. म्हणून तपासणी जात किंवा जमात विचारून करू नये, सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची करावी. निकाल सांगताना मात्र खोलीत आई, वडील आणि सेविका यांच्याखेरीज कोणी नसावे. सोयरिकीच्या वेळी मुलीचे ‘एएस’ कार्ड पाहून परत गेलेले पाहुणे मी पाहिले आहेत. वाहक व्यक्ती निरोगी असते आणि दोन्ही जोडीदार वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, हे नीट न सांगता केलेली तपासणी त्या मुलीवर अन्याय करते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरील क्रिस्पर या जनुक बदलणाऱ्या तंत्राच्या उपचाराला मान्यता दिली आणि त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या देशातही या दिशेने संशोधन चालू आहे आणि त्याला यश यावे असे मला मनापासून वाटते. पण तो उपचार कधीतरी आमच्या जिल्ह्यातील एटापल्लीच्या मुलापर्यंत पोहोचायचा असेल, तर ते मूल तोवर जगले पाहिजे.

माझी आरोग्य विभागाकडे विनंती आहे की, सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांतील बाळंतपण होणाऱ्या प्रत्येक उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात या पट्ट्या नियमित पुरवठ्याच्या यादीत घ्याव्यात, शिबिरापुरत्या नकोत. बाळाला जन्मतः बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचा शून्य डोस दिला जातो व त्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर होते. त्याच कार्डावर, त्याच ओळींखाली, सिकलसेल चाचणीची तारीख आणि निकाल यांसाठी एक ओळ छापावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. गडचिरोली