पिंजऱ्याच्या अर्जावर सही करणाऱ्याचं पत्र

विद्या अत्रेय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही बिबट्यांचा अभ्यास करता, पण आपली भेट कधी झालेली नाही. मी जुन्नर तालुक्यातला ऊसवाला. 2002 च्या सुमारास आमच्या वस्तीवरची शेळी गेली, पाठोपाठ शेजाऱ्याचं कुत्रं गेलं, तेव्हा ‘पिंजरा लावा’ या अर्जावर पहिली सही माझी होती. वाघ पकडून गाडीतून नेला (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात), त्या रात्री घरादाराला निवांत झोप लागली.

तो वाघ पुढे कुठं जातो, हे आम्ही कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत. 2001 ते 2003 या काळात पकडलेले बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात सोडले जात होते. त्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. ही पकडापकड सुरू झाल्यावर ते 17 वर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुपटीनं वाढलं. 2011 साली छापलेला तुमचा हा हिशेब पुतण्यानं मला मराठीत समजावून सांगितला, तेव्हा मला माझी ती सही आठवली. आमची बला आम्ही दुसऱ्याच्या अंगणात टाकली होती.

मग नगरकडच्या अकोले तालुक्यातलं तुमचं काम. जंगलाचा पत्ता नाही, चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं, आणि तिथंच शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक मोठे बिबटे! खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री. म्हणजे वाघ वाट चुकून येत नव्हता, तो इथलाच होता. हे कळल्यावर मी अर्ज सोडला आणि गोठा धरला: चारही बाजूंनी जाळी, वर पत्रा, दाराला कडी. अंधार पडायच्या आत पोरं घरात.

‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्ट मात्र मी नातवंडांना सांगतो. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडलेला, माळशेज घाटात गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर घालून सोडलेला. पठ्ठ्या रेल्वे, आग्रा रोड, वसईची खाडी ओलांडत सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलाशी पोचला. वाटेत एकाही माणसाला नख लावलं नाही. नातवंडं शेवट विचारतात. 2011 च्या डिसेंबरात तो महामार्गावर गाडीखाली गेला, हे सांगताना मी जरा अडखळतो.

खोटं कशाला बोलू, इकडे सगळं आलबेल नाही. अलीकडे पुन्हा माणसं गेलीत, लहान लेकरंसुद्धा. पारावर मी तुमचे आकडे सांगायला गेलो तर एकानं विचारलं, ‘‘तुझं पोर गेलं असतं तर?’’ मी गप्प बसलो. जिथं लेकरू गेलंय त्या घरी मी आकडे घेऊन जाणार नाही, आणि तुम्हीही गेला नसता असं वाटतं. पण शेळी गेली की लगेच पिंजरा, हे आमच्या घरी तरी बंद झालं. त्यासाठी हे आभार.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्री एकला येते. पाणी भरायला जाताना मोबाईलवर मोठ्यानं भजन लावतो. बायको म्हणते, वाघापेक्षा शेजारीच जास्त वैतागलेत. इकडे आलात तर गोठा बघून जा. कडी जरा सैल झालीय, तेवढी बदलायची राहिलीय.

आपला,
कुकडीकाठचा एक शेतकरी